दादाची स्टेशन वॅगन

गॅरेजमधल्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. त्यांची जुनी स्टेशन वॅगन आत दुरुस्तीला होती.

“दादानं आठ वर्षं चालवली, कधी हूं की चूं केलं नाही तिनं. तुमच्या हातात आली आणि चार महिन्यांत हे पाचवं गॅरेज!”

“म्हणूनच म्हणतो, दादांना परत देऊन टाकू.”

“परत? सख्ख्या भावानं विश्वासानं दिलेली गाडी? माहेरी काय तोंड दाखवू मी?”

“अगं, पोरं शाळेत जाताना रोज ढकलतात तिला.”

“तुम्हाला क्लच धड दाबता येत नाही, त्याला दादा काय करणार?”

तेवढ्यात मिस्त्री हात पुसत बाहेर आला. “ताई, ही तुमच्या दादांची होय? तरीच! आठ वर्षं दर महिन्याला इथंच असायची. शेवटी मीच म्हटलं, साहेब, विकून टाका एकदाची. फक्त ओळखीतल्या माणसाला देऊ नका.”

“म्हणजे बिघडवलीत तुम्ही!”

“मी?”

“मग आठ वर्षं हात कुणाचे लागले तिला? उठा हो, एक मिनिट थांबायचं नाही इथं!”

“उठतो. पण गिअरबॉक्स काढून ठेवलाय त्यांनी. तो तू उचलतेस की मी?”