तारांची उंची

चारुलता : म्हणजे गिटारच्या मानेवर अजून एकही पडदा बसवला नाही तुम्ही?

रुपराव : नाई बसवला, वैनी. बसा तुमी. थांबा, स्टुलावर भुसा हाये, पुसून देतो.

चारुलता : बसायला वेळ नाही हो. महाल भागातून रिक्षा करून आलेय, रिक्षावाला बाहेर थांबलाय. ऑफिस सुटलं की हे थेट इकडेच येणार आहेत गिटार बघायला. त्याआधी मला निघायचंय. मी आले होते हे त्यांना कळता कामा नये.

रुपराव : मार्तंडराव आज येऊन राहिले? इथं?

चारुलता : तुम्ही का एवढे दचकलात?

रुपराव : मी कायले दचकू. मले वाटलं, रविवारी येतीन.

चारुलता : सकाळी डबा घेता घेता म्हणाले, गिटारचे पडदे झिजलेत, रुपरावकडे बदलायला टाकली आहे, आज बघून येतो. दुखण्यातून उठल्यापासून पहिल्यांदा त्यांनी आपणहून गिटारचं नाव काढलं. कपाटावर गवसणीत पडून होती बिचारी, धूळ पुसायलासुद्धा हात लावू देत नसत. मी विळीवर भाजी चिरत होते, हात तसाच राहिला. आनंद व्हावा की नाही? तर मला आधी त्यांची बोटं आठवली.

रुपराव : हात कसा हाये आता त्याइचा?

चारुलता : पाय सुधारला. जरा ओढत चालतात, पण चालतात. लकव्यातून माणूस उठून ऑफिसला जायला लागला, हेच पुष्कळ म्हणायचं. हाताचं मात्र... मूठ वळते, मनगट फिरतं. बोटं सुटी होत नाहीत. एक वाकवायला जावं तर चारही वाकतात. आणि डाव्याच हाताची. आता गिटारला डाव्या हाताची बोटं किती लागतात ते मी तुम्हाला काय सांगणार?

रुपराव : लागतातच ना. सारा खेळ त्याइचाच.

चारुलता : म्हणूनच धावत आले. पडदे कोणते बसवणार आहात ते सांगा आधी मला.

रुपराव : दोन तऱ्हेचे हायेत. हे पितळेचं, नरम राह्यते, लवकर घासते. अन् हे जर्मन सिल्वर, कलकत्त्याहून मागवलेलं. कडक हाये. उंचही हाये जरासं.

चारुलता : उंच म्हणजे बोटाला सोपं की कठीण?

रुपराव : सोपं. पडदा उंच असला की बोट लाकडापर्यंत न्या लागत नाही, जरासं दाबलं की सूर निघते. पण जोर जास्त पडला त सूर चढते. अन् वैनी, ज्याची मूठच वळते, त्याले जरासं दाबता येत नाही.

चारुलता : ते पुढचं पुढे बघू. उंचच बसवा. आणि तारा खाली घ्या, जितक्या जातील तितक्या. तारासुद्धा पातळातल्या पातळ लावा.

रुपराव : फार खाली घेतल्या त पडद्यावर घासतात. भणभण करते सारी गिटार.

चारुलता : करू दे भणभण. मला मैफल नाही भरवायची, रुपराव. एक सूर निघायला हवा. एकच. ते इथं उभ्या उभ्या तार दाबून बघतील, तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. दाबली आणि नुसतं ठप्प वाजलं तर? माणूस खचेल हो. परत कपाटावर जाईल गिटार, आणि या वेळी कायमची. माझ्या माहेरी यांचं स्थळ आलं तेव्हा काका म्हणाले होते, मुलगा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, म्हणजे संध्याकाळचा घरी कधी दिसायचा नाही. आता रोज संध्याकाळी घरी असतात. खिडकीशी बसून राहतात. मला नाही बघवत.

रुपराव : तुमी म्हणता ते खरं, पण...

चारुलता : पण काय? ती तार बोटाला गुंडाळत काय बसलात?

रुपराव : वैनी, तुमी सांगता ते मले करता येत नाही.

चारुलता : का? कठीण आहे?

रुपराव : कठीण काहून राहीन. माह्या हातचं काम हाये. पण मार्तंडरावांनी दुसरंच सांगून ठेवलं. अन् वरून शपथ घातली, घरी बोलू नको म्हणून. मले खोटं पचत नाही, घरी बायकोपाशी दर वेळी पकडल्या जातो मी.

चारुलता : काय सांगितलं त्यांनी?

रुपराव : शपथ हाये ना, वैनी.

चारुलता : रुपराव, हात जोडते.

रुपराव : हात नका जोडू बाप्पा. सांगतो. ते म्हणाले, पडद्याचं मी घरी निमित्त केलं. तू तारा उचल. मानेच्या टोकाले उंच पट्टी बसव अन् तारा पडद्यापासून चांगल्या वर घे. हवाईन करून दे म्हणाले.

चारुलता : हवाईन? ती मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती?

रुपराव : तेच. स्टीलची कांडी मुठीत धरायची अन् तारेवरून सरकवायची. बोटानं दाबायचं कामच नाही. मूठ वळली, मनगट फिरलं, झालं.

चारुलता : हे? हे असं म्हणाले? अहो, हे तर हसायचे त्या वाजवणाऱ्यांना. इस्त्रीवाले म्हणायचे. गाणं वाजवतोय की पँटला कडक घडी घालतोय, असं तोंडावर विचारलं होतं एकाला.

रुपराव : मलेही म्हणाले ना. आता मी बी इस्त्रीवाला गा, रुपराव. हासले. डॉक्टरनं सांगितलं हाये त्याइले. बोटं आता परत येत नाहीत म्हणून.

चारुलता : त्यांना माहीत आहे?

रुपराव : माहीत हाये. पण म्हणाले, चारूच्या कानावर घालू नको. तिले वाटते, येतीन. तिची आशा मोडाची माही हिंमत होत नाही.

चारुलता : द्या ते स्टूल इकडे.

रुपराव : पाणी देऊ?

चारुलता : नको. रुपराव, डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, हे आत झोपलेले असताना. मीच त्यांच्या पाया पडले, म्हटलं, यांना एवढ्यात नका सांगू. तेव्हापासून मी रोज खोटं बोलतेय. करंगळी आज जास्त हलली हो, म्हणते. कुठली हलायला. आणि हे माझ्याकडे बघून म्हणतात, हो गं, हलली खरी.

रुपराव : म्हणजे दोघंबी...

चारुलता : दोघंही. एकाच घरात राहून.

रुपराव : आता मी काय करू ते सांगा. ते येतच असतीन. तारा वर घेऊ का खाली घेऊ? अन् तुमी जाणार असान त लवकर निघा, माहं तोंड पाहूनच ते ओळखतीन.

चारुलता : थांबा जरा. मला सुचू द्या. वर घेतल्या तर त्या परत कधी खाली येतात का?

रुपराव : येतात. पट्टी काढली की झालं. लाकडाले धक्का लागत नाही.

चारुलता : येतात. पण आपण आणणार नाही, हे खरं ना?

(पायरीवर चपलेचा आवाज, एक पाय उचललेला, एक ओढलेला.)

मार्तंड : काय रे रुपराव, बाहेर तो रिक्षावाला कोणाची वाट... चारू? तू इथं कशी?

चारुलता : आले होते.

मार्तंड : मी आपलं पडद्यांचं बघायला आलो. याला म्हटलं, उंच बसव, तारा खाली घे, म्हणजे बोटांना सोपं जाईल. हो की नाही रे? सांग ना हिला.

रुपराव : मी... वैनी, तुमीच सांगा आता.

चारुलता : रुपराव, पडदे राहू द्या. तारा वर घ्या.

मार्तंड : चारू.

चारुलता : आणि ती कांडी असेल तर काढा. यांच्या मुठीत बसते का बघू. जड असली तर दुसरी आणू सीताबर्डीवरून.

मार्तंड : रुपराव, तुला मी शपथ घातली होती.

चारुलता : त्यांना काही बोलू नका. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं त्याच्या आधीच.

मार्तंड : आधीच? मग रोज सकाळी तेल कोमट करून एकेक बोट चोळत बसायचीस, ते कशासाठी गं?

चारुलता : तुम्ही हात पुढे करत होतात ना.