अक्षरं मोठी केली म्हणून!

...नाही, मला शांत व्हायला सांगू नका! बत्तीस वर्षं या मेकनेस शहरात कोर्टाच्या दारात बसून लोकांचे अर्ज, पत्रं लिहून देतोय, या थामीच्या तोंडून कुणाचं गुपित कधी फुटलं नाही, आणि आता? आता अख्खी रांग वाचते! कशामुळे? तर अक्षरं मोठी केली म्हणून!

तुम्हाला सांगतो, डोळे दगा द्यायला लागले. कॉम्प्युटरवरचं अक्षर म्हणजे मुंगी! मग मी शहाण्याने काय केलं, अर्जातलीच अक्षरं वाढवली. एका पानाचा अर्ज झाला सात पानांचा. आतला कारकून, आदराने 'सी' लावून का होईना, खिडकीतून ओरडतो, "सी थामी, हा अर्ज आहे का निवडणुकीचं पोस्टर?" शेवटी भाची आली, विदाद. कपाळाला हात लावून म्हणते, "अहो मामा, अर्जाला कशाला हात लावता? सेटिंगमध्ये जा, डिस्प्ले उघडा, शंभर टक्के आहे ते वाढवा. मोठं दिसेल ते फक्त पडद्यावर. कागद आहे तसाच." दोनशे केलं तर खालचं 'जतन करा'चं बटणच पडद्याबाहेर गेलं! मग पावणेदोनशेवर आणलं. अहाहा, काय सुख!

सुख कसलं डोंबलाचं! लल्ला रकिया, म्हणजे आपल्या रकियाबाई, आली, स्टूल ओढून कानाशी कुजबुजली, "बहिणीला लिहा, तामोला. सहा वर्षं अबोला आहे. तिच्या मुलीच्या लग्नात मी चारचौघांत म्हटलं, नवरीचा कफ्तान भाड्याचा आहे. मत्सर हो, दुसरं काय! माफी मागायचीय. पण सी थामी, हे कुणाला कळता कामा नये." मी म्हटलं, "बाई, माझ्या पोटात राहील." राहिलं की माझ्या पोटात! पडद्यावर कुठे राहिलं?

मागे रांगेत उभा राहून पडदा वाचणारा पुदिनावाला बुशता ओरडला, "'चूक झाली' नको, फार थंड वाटतं. सरळ 'मी जळले' असं लिहा!" त्याच्यामागून हज करून आलेली एक हज्जा, "पण कफ्तान भाड्याचाच होता गं बाई, मी होते ना तिथे!" रकियाने ओढणी तोंडावर घेतली आणि पत्र तिथेच अर्धवट सोडून पळाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला! बत्तीस वर्षांची अब्रू, आणि गेली कशामुळे? अक्षरं मोठी केली म्हणून! तिथल्या तिथे शंभरावर आणलं, आणि बसलो पडद्याच्या काचेला नाक लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रकिया, आणि तिचा हात धरून... तामो! डोळे रडून लाल दोघींचे. पत्र पोस्टात टाकलंच नव्हतं कुणी! रांगेनेच पोचवलं, आदल्या दिवशीच, दुपारच्या नमाजाच्या आत, घरी जाऊन, तोंडी. तामो म्हणते, "सहा जणी येऊन सांगून गेल्या. सहाव्या पत्राला मला रडू आवरेना."

बरं, मग जावं की नाही घरी? नाही! दोघी स्टुलावर दाटीवाटीने बसल्या. "आता फेस शहरातल्या भावाला लिहा. तोही बोलत नाही आमच्याशी." मी नाक लावून सुरुवात करतो, तर रकिया माझ्यावरच डाफरते, "हे काय? एवढी बारीक अक्षरं? वाढवा की, मागच्यांना काय दिसणार!"

वाढवली. करतो काय? दोनशे! 'जतन करा'चं बटण पुन्हा गायब झालंय... पण जतन करायचंय कशाला? रांगेला तोंडपाठ आहे!