चार नकाशे आणि एक नाला

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पाचही ग्रंथालयांतून आलेले सहकारी, आणि ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो त्या आमच्या नकाशाताई, सर्वांना नमस्कार.

इथल्या नकाशा विभागात ताईंच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. नकाशाला नुसतं बोट लावलं तरी त्या चष्म्यावरून अशा बघायच्या की हात आपोआप खिशात जायचा. हसू नका, काहींचे हात अजूनही खिशातच आहेत.

पाच ग्रंथालयांचे नकाशे एकत्र करून सर्वांना खुले करायचे, ही कल्पना ताईंची. नियम मात्र आमच्या समितीचा: दोन नकाशांत फरक आढळला, तर जास्त ग्रंथालयांकडे असलेला खरा धरायचा. त्या नियमाने एक नाला पुसला गेला. चार ग्रंथालयांच्या नकाशांत तो नव्हता, फक्त आपल्याकडच्या, ताईंनी जपलेल्या जुन्या नकाशात होता. ते चारही नकाशे एकाच छपाईचे आहेत, हे ताईंनी दाखवून दिलं. म्हणाल्या, "एकाच माणसाने चारदा सांगितलं म्हणून चार साक्षीदार होत नाहीत." समितीने चहा मागवला आणि पुढचा विषय घेतला.

तो खुला नकाशा पुढे कुणी कुणी वापरला असेल? लांब कशाला जायचं, आपलीच इमारत घ्या, तोच नकाशा बघून बांधलेली. खाली तळघरात बालवाचनालय आहे. आत्ता आपली मुलं तिथेच बसली आहेत, माझी धाकटीही. ते बरोबर त्या नाल्याच्या वाटेवर आहे. तिथली भिंत हल्ली सुकतच नाही. आधी आम्ही रंगाला दोष दिला, मग रंगाऱ्याला.

आज सकाळी वरच्या तलावाचे दरवाजे उघडलेत, आणि ते पाणी त्याच नाल्याच्या वाटेने उतरतं. मघाशी ताईंनी अध्यक्षांना विनंती केली, मुलांना वर घ्या. अध्यक्ष म्हणाले, कार्यक्रम तेवढा होऊ द्या. आम्हीही माना डोलावल्या. आजच्या दिवशी वाद कशाला?

क्षमा करा, शिपाईमामांनी चिठ्ठी दिली आहे. वेळ संपल्याची असावी.

नाही. तळघरात झिरपणारं पाणी उपसणारा पंप बंद पडलाय.

ताईंची खुर्ची रिकामी आहे. चिठ्ठी आली तेव्हाच त्या जिन्याकडे गेल्या असणार. मला भीती वाटते आहे, उगाच लपवत नाही.

संयोजकांचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. सत्कार मागाहून करू. ज्यांची मुलं खाली आहेत, त्यांनी माझ्याबरोबर चला. बाकीच्यांनी जिना मोकळा ठेवा.