शब्दाच्या मागंपुढची जागा

(इंझोरी, १९७८चा हिवाळा. दुपार. गोविंदाच्या घरापुढचं अंगण. त्याची थोरली बहीण सुंदरबाई कापसातला कचरा निवडत बसली आहे. गोविंदाचा मुलगा इंद्रभान नुकताच मंगरूळपीरहून मोटारीनं उतरून आला आहे. तो मुंबईला कम्प्युटरच्या हापिसात नोकरीला आहे.)

गोविंदा: दिवाळीत रजा भेटत नाई म्हणे. अन् आता कशी भेटली?

इंद्रभान: रजा नाही बाबा. घरी पाठवलं मले. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही म्हणून.

गोविंदा: चौकशी कायची? चोरी झाली काय हापिसात?

इंद्रभान: चोरी नाही. तुमी आयकलं असन इकडं. तो महाराष्ट्राच्या नावाचा किस्सा.

गोविंदा: त्या मशीनीचा? आयकला तं. मानोऱ्याच्या बाजारात सारे तेच बोलून राह्यले होते. कोण्या पोरानं मुंबईत मशीनीपुढं बसून एका दमात महाराष्ट्राचं नवबौद्धाष्ट्र करून टाकलं, अन् ते कागद छापून गावोगावच्या कालेजात गेले. म्या विहारात सांगितलं सगळ्यायले. म्हटलं, तिकडं एका विद्यापीठाचं नाव बदला म्हटलं तं आपली घरं जाळली. अन् या पठ्ठ्यानं कोणाले न विचारता राज्याचंच बदलून देल्लं. असा पोरगा ज्याच्या घरचा असन...

इंद्रभान: तुमच्याच घरचा हाय.

सुंदरबाई: काय म्हणला?

इंद्रभान: तो पोरगा मीच हाय, आत्या.

गोविंदा: तू?

इंद्रभान: हो.

गोविंदा: मंग असा तोंड पाडून काहून बसला? थांब, शेजारच्या जगदेवले हाक मारतो. त्याले तं खरंच वाटनार नाई.

इंद्रभान: कोणाले हाक मारू नका. बसा तुमी. झालं माझ्याच हातानं, पण मी ते केलं नाही.

गोविंदा: आता हे कोडं कशाले घालतं?

इंद्रभान: चुकून झालं बाबा. चूक झाली.

सुंदरबाई: गोविंदा, बस तू खाली. त्याला बोलू दे.

इंद्रभान: शिष्यवृत्तीच्या पोरांची यादी होती. हजारो नावं. नाव, जात, शाळा-कालेज, पत्ता, सगळं मशीनीत भरलेलं. पोरांनी अर्जावर 'नवबौद्ध' लिहिलं होतं, पण मशीनीत भरणाऱ्यांनी सवयीनं आपल्या लोकायची जुनी जात टाकली. प्रत्येक नावापुढं तोच शब्द. सायेब माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राह्यले. म्हणाले, हा शब्द जिथं असन तिथं काढ अन् नवबौद्ध घाल, संध्याकाळी छापाले द्यायचं हाय.

गोविंदा: मंग चांगलंच सांगितलं की.

इंद्रभान: चांगलंच. एक एक नाव उघडून बदललं असतं तं महिना गेला असता. पण मशीनीले हुकूम देता येते. एकच ओळ लिहायची, की हा शब्द शोध, त्याच्या जागी हा घाल, सगळ्या फायलींत. बटन दाबलं की झालं. मी लिहिली ओळ, दाबलं बटन. खरं सांगू? वाटलं, एवढ्या लोकायच्या नावापुढून तो शब्द मी पुसून राह्यलो.

गोविंदा: मंग त्यात चूक कोणती?

इंद्रभान: मशीनीले शब्द समजत नाही, बाबा. तिले अक्षरं दिसतात फक्त. मी शब्दाच्या मागंपुढं मोकळी जागा ठेवाले पाह्यजे होती, म्हणजे तिनं तो सुटा शब्दच धरला असता. मी नाही ठेवली. आता 'महाराष्ट्र' इंग्रजीत लिहा अन् पाहा, सुरुवातीले काय येते ते.

सुंदरबाई: इंग्रजी काय अन् मराठी काय. महार येतंय की त्यात.

इंद्रभान: तेच. तिनं तेवढंच तोडलं अन् नवबौद्ध चिकटवलं. प्रत्येक पत्त्याच्या शेवटी. ज्या शाळायच्या नावात 'महाराज' होतं तठी बी.

सुंदरबाई: अगं माय. महाराजांच्या नावात?

इंद्रभान: हो आत्या. तेच जास्त पेटलं.

गोविंदा: तण काढणाऱ्या डवऱ्याले काय समजते, कापसाची पऱ्हाटी कोणती अन् गवत कोणतं. हाकणाऱ्यानं पाहाले पाह्यजे. तू छापाच्या आधी पाह्यलं नाई?

इंद्रभान: वरची पानं पाह्यली. जातीचा रकाना पाह्यला, तो बरोबर झाला होता. माझं सारं ध्यान तिथंच होतं. पत्ते वाचलेच नाही.

सुंदरबाई: मग सायबाला सांगितलं न्हाय का, की तुम्हीच सांगितलं होतं म्हणून?

इंद्रभान: सांगितलं. एका कालेजात कोणी ते पान भिंतीवर डकवलं, त्यावरून तिथं दगडफेक झाली. मंत्रालयातून फोन आले. तेव्हा सायेब सगळ्यांपुढं म्हणाले, मी असं काही सांगितलं नव्हतं, यानं मुद्दाम केलं. तोंडी हुकूम होता, आत्या. त्याले पुरावा नाही.

गोविंदा: हरामखोर.

इंद्रभान: ते वाईट नाहीत, बाबा. भेले ते. त्यांनीच मले टेबलापाशी बसून शिकवलं हे सगळं. म्हणूनच जास्त लागलं मले.

गोविंदा: आता काय म्हणतात?

इंद्रभान: एक कागद देल्ला. सोमवारी सही करून आणायचा. 'मी हे जाणूनबुजून केलं, मले पश्चात्ताप हाय.' सही केली तं बदलीवर भागवतील. नाही केली तं नोकरी जाईन, वरतून पोलिसात देऊ म्हणतात.

गोविंदा: मंग कर सही.

इंद्रभान: काय?

गोविंदा: पश्चात्तापाचं तेवढं खोडून टाक. बाकी सही कर. म्हण, हो, केलं. जाणूनबुजून केलं. नोकरी बी राह्यली तं राह्यली, अन् आपल्या लोकायपुढं मान बी राहीन.

इंद्रभान: पण मी केलं नाही ना तसं.

गोविंदा: कोण विचारते? पोट्टे रातभर भजनात तुह्यं नाव घेतील. अरे, इतकी वर्षं आमी मार खाल्ला, कोणी उलटून हात नाई उचलला. कोणीतरी उचलला असं एकदा लोकायले वाटू दे.

इंद्रभान: मीच उचलला असं वाटू दे, खोटं.

गोविंदा: खोटं कसं? तुह्याच हातानं झालं म्हणतं ना?

इंद्रभान: गेल्या साली माझ्या बाजूच्या टेबलावरच्यानं हीच चूक केली. 'नगर'च्या जागी 'अहमदनगर' घाल म्हणून हुकूम देल्ला त्यानं. तं उल्हासनगरचं उल्हासअहमदनगर झालं, अन् अहमदनगरचं अहमदअहमदनगर. सारे पोट धरून हासले. सायबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, चल, आज चहा तुझ्याकडून. झालं. त्याची चूक चूक राह्यली. माझी झाली तं लगेच त्यात डाव दिसला सगळ्यायले. अन् आता तुमाले बी डावच पाह्यजे. फरक इतकाच, ते त्यापायी हाकलतात अन् तुमी त्यापायी हार घालता.

गोविंदा: बापाले सायबाच्या रांगेत बसवतं?

इंद्रभान: नाही बाबा. पण मले साधी चूक करायची बी मुभा नाही काय कुठंच? हुशारीनं लागलो मी तिथं. चुकलो तं चुकलो म्हणून तरी मोजा.

सुंदरबाई: गोविंदा, मी एक बोलू का?

गोविंदा: बोल.

सुंदरबाई: माझ्या सासरच्या गावात त्या विद्यापीठाच्या नावापायी घरं पेटवली तवा माझा जावई काय बोलला होता, तुला सांगितलं न्हाय मी. त्यानं मोर्चा न्हाय काढला, घोषणा न्हाय दिली. तो त्या दिवशी शेतात होता. पण ते आले अन् म्हणले, तूच होता पुढं. हा भ्याला. म्हणला, व्हय, मीच होतो, मला मारा, पण घर सोडा. त्याला बी मारलं अन् घर बी पेटवलं. माझं जातं तापून फुटलं त्यात. आता कोर्टात तेच धरलंय त्यांनी. म्हणतात, यानं स्वतः कबूल केलंय, भांडण यानंच काढलं. अन् आपली माणसं म्हणतात, शाबास, मर्दासारखा पुढं झाला. तो बिचारा दोन्हीकडून घुसमटतोय. रात्री मला म्हणतो, मामी, मी तर त्या दिवशी तूर निंदत होतो.

गोविंदा: हे तू मले बोल्ली नाई कधी.

सुंदरबाई: तू बी त्याला मर्दच म्हणत होता ना. मग कशी बोलू?

गोविंदा: मंग आता म्या काय करू म्हणतं?

सुंदरबाई: लेकराच्या तोंडात खोटं घालू नको. ते त्यालाच जन्मभर चघळावं लागतं.

इंद्रभान: मी वेगळा कागद लिहून आणला हाय, बाबा. हुकूम तोंडी होता, तो कोणी देल्ला, ते लिहिलं. मागंपुढं जागा सोडली नाही ही चूक माझी, पत्ते तपासले नाही ही बी माझी, ते लिहिलं. मुद्दाम केलं नाही, ते बी. सोमवारी हाच देणार.

गोविंदा: मंग नोकरी गेली समज.

इंद्रभान: जाईन बहुतेक.

गोविंदा: अन् पोलिसात?

इंद्रभान: वकिलाले भेटलो मी. तो म्हणते, पोलिसात देणार नाहीत, भेवाडतात नुसते. पण सांगता येत नाही.

गोविंदा: विहारात मी काय सांगू आता? आठ दिवस झाले छाती काढून बोलून राह्यलो. तो माहाच पोरगा निघाला, अन् ते चुकून झालं, असं सांगू?

इंद्रभान: सांगायचं तं सांगा. नाही तं नका सांगू. खोटं तेवढं नका सांगू.

सुंदरबाई: मी सांगीन तुझ्या बदली. मला लाज न्हाय वाटत.

गोविंदा: राहू दे. माहा पोरगा हाय, मीच सांगीन. इंद्रभान, एक सांग मले. त्या यादीचं काय झालं मंग?

इंद्रभान: मशीनीत जुनी नक्कल ठेवलेली असते. सायबांनी ती परत चढवली, फोन आले त्याच राती. सगळं होतं तसं झालं. महाराष्ट्राचं महाराष्ट्र झालं, महाराजांचं महाराज झालं. नव्यानं छापून पाठवलं बी.

गोविंदा: अन् पोरायच्या नावापुढं?

इंद्रभान: तठी बी होतं तसंच.

गोविंदा: मंजी तोच शब्द?

इंद्रभान: तोच. परत बदलाले कोणी हात लावत नाही आता. भेतात.

सुंदरबाई: त्या लेकरांनी तर अर्जावर बरोबर लिहिलं होतं की रे.

इंद्रभान: हो आत्या.

गोविंदा: कुठं हाय तुहा तो कागद?

इंद्रभान: हा खिशात हाय. काहून?

गोविंदा: खाली जागा उरली असन तं पोरायच्या नावाचं हे बी लिही त्यात.