शिट्टी वाजली तेव्हा

बुगेसेरा जिल्ह्याच्या दवाखान्यात, कत्तलीतून वाचलेल्यांवरच्या अभ्यासासाठी रक्त द्यायला आलेल्यांच्या बाकावर व्हेनेरांद बसली होती. तिच्या मागे स्पेसिओझ नावाची म्हातारी आणि तिची पोटुशी लेक उमुहोझा. व्हेनेरांदचे कान मागेच होते.

“आई, भीती रक्तातून लेकरात उतरते का, ते बघणार आहेत म्हणे.”

“बघू देत. सुई टोचतील आणि सोडतील.”

“माझ्यात सापडली तर? मग बाळातही असणार.”

“तुला कसली आलीय भीती? चौऱ्याण्णवच्या कत्तलीत तू माझ्या पोटात होतीस. काही पाहिलं नाहीस.”

“मग मी अजून बूट घालून का झोपते?”

“मी तसं झोपवायचे म्हणून. रात्री पळायची वेळ आली तर असावेत पायात. सवय आहे ती, रक्त नव्हे.”

“परवा बाळाचे कपडे आणायला गेले, तर आधी बूटच घेतले मी.”



बाहेर शाळेच्या मैदानावर मास्तरांनी शिट्टी फुंकली. व्हेनेरांदचे पाय आपोआप बाकाखाली ओढले गेले.

“आई.”

“खेळाची आहे गं. मुलं खेळतायत.”

“ते कळतंय मला. पण बाळ सकाळपासून लाथा मारत होतं. शिट्टी झाली आणि थांबलं.”

“हात लावू दे.”

“बोल ना काहीतरी.”

“दलदलीत लपलो होतो, तेव्हा ते मारेकरी शिट्ट्या फुंकत आम्हाला शोधायचे. तूही पोटात अश्शीच थांबायचीस.”

“आई, अजून हलत नाहीये.”

“हल रे राजा. गेले ते.”