पंखा विकायचा नाही

जोनालिन : मनांग, अहो ताई, फोन सरळ धरा. गावाला तुमचं तोंड दाखवायचंय, नाकपुड्या नाही.

पेपेत : सुरू झालं की काय? अगं बाई! केस तरी विंचरू दे.

जोनालिन : अजून नाही हो. नुसती सवय करतोय आपण.

पेपेत : असं घाबरवू नकोस, इंदाय, पोरी. इलोइलो शहरातल्या प्रशिक्षणात सगळं किती सोपं वाटलं होतं! तो मुलगा भिंतीवर चित्रं दाखवत होता आणि आम्ही सगळ्या ग्रंथपाल बायका माना डोलवत होतो. म्हणाला, 'वाचनालय आता लोकांच्या फोनमध्ये न्या.' जेवणही छान होतं.

जोनालिन : मग? नेलं का फोनमध्ये?

पेपेत : पेज काढलं की. महिना झाला.

जोनालिन : बघू... मनांग, इथे दोनच माणसं आहेत. आणि दोन्ही तुम्हीच!

पेपेत : पहिल्या खात्याचा पासवर्ड विसरले, म्हणून दुसरं काढलं. मग म्हटलं, पहिलीलाही राहू दे. तेवढंच एक माणूस जास्त दिसतं.

जोनालिन : म्हणजे तुम्हीच लिहिता, तुम्हीच वाचता आणि तुम्हीच शाबासकी देता?

पेपेत : दुसरी देते. पहिलीला कशी देता येईल, तिचा पासवर्ड कुठाय?

जोनालिन : अरे देवा! थांबा, मला खाली बसू दे. पोट दुखायला लागलं हसून.

पेपेत : हस बाई, हस. दुपारी ते अधिकारी, सर रोदेल, मोजपट्टी घेऊन येतील, तेव्हा मीही हसेन. नगरपालिकेला ही वाचनालयाची खोली हवीय. उत्सवातले ढोल, पिसांच्या टोप्या, ती बांबूची मगर, सगळं इथे कोंबणार. पुस्तकं खोक्यात भरून जिन्याखाली.

जोनालिन : आणि तुम्ही?

पेपेत : मी जन्मनोंदणीच्या खिडकीवर. 'मॅडम, तिथे निदान माणसं तरी येतात,' म्हणाले. खोटं नाही बोलले गं, तेच तर लागलं मला. दिवसभर मी आणि पंखा. खरं सांगू का? उद्या ही खोली गेली ना, तर गावात कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. त्याची फार भीती वाटते मला.

जोनालिन : रडायचं नाही. काजळ ओघळलेलं फोनवर फार वाईट दिसतं. आपण आज माझ्या पेजवरून लाईव्ह करू.

पेपेत : तुझ्या? तू तर जुने कपडे विकतेस.

जोनालिन : म्हणून तर! या वेळेला निम्मं गाव चुलीवर भात ठेवून माझी वाट बघतं. मी नुसती एका पायाची चप्पल दाखवली तरी भांडतात. गिऱ्हाईक तयार आहे, माल तेवढा बदलायचा.

पेपेत : विकायची नाहीत हं पुस्तकं! वाचायला द्यायची. हे आधी सांगायचं.

जोनालिन : सांगते. बाकी नियम नेहमीचेच. आवडलं की लिहायचं 'माझं'. पहिलं जिचं, वस्तू तिची. आणि शब्द देऊन न्यायला आलं नाही कोणी, तर दुसऱ्या दिवशी लाईव्हवर मी नाव घेणार.

पेपेत : त्या लोर्नाचं घेतलंस, तर बिचारी दोन रविवार चर्चला आली नाही.

जोनालिन : पण ब्लाउज घेऊन गेली ना? चला, फोन इथे समोर टेकवला, हसा. आणखी थोडं. इतकं नको, दात दुखत असल्यासारखं दिसतंय. आणि झालं सुरू! आल्या का गं सगळ्या? जेवलात का? आज कपडे नाहीत. आज त्याहून भारी माल आणलाय! मनांग पेपेत, बोला.

पेपेत : माननीय... फोनमधील सर्व माननीय नागरिक...

जोनालिन : नागरिक नको, मनांग, नागरिक नको!

पेपेत : इंदाय, माझ्या तोंडावरून लाल बदाम का वर चाललेत?

जोनालिन : आवडलात तुम्ही त्यांना.

पेपेत : मी तर अजून काहीच बोलले नाही. आणि या सगळ्या एकदम काय लिहितायत? कृपया शांतता राखा!

जोनालिन : अहो, गप्प काय करताय त्यांना! एवढाच गोंगाट तर हवाय आपल्याला. बघा, पहिलं 'माझं' आलंसुद्धा!

पेपेत : कशाला? पुस्तक कुठे उचललंय मी अजून?

जोनालिन : पंख्याला.

पेपेत : पंख्याला?

जोनालिन : तुमच्या मागच्या. त्याखाली पडद्याला. आणि ही विचारतेय, 'निळ्या झग्याचं माप काय?'

पेपेत : निळा झगा म्हणजे... अगं, हा मी घातलाय! आणि पंखा विकायचा नाही, तो नगरपालिकेचा आहे! बघ, बघ, आता विचारतेय बटणं पुरी आहेत का.

जोनालिन : आहेत का?

पेपेत : एक नाही.

जोनालिन : बायांनो, ऐका! झगा नाही, पंखा नाही. फक्त पुस्तकं. फुकट न्यायची, वाचायची, परत आणायची. मनांग, उचला एखादं.

पेपेत : हे डुकरं पाळण्याचं पुस्तक आहे. अत्यंत उपयुक्त आणि माहितीपूर्ण असं हे...

जोनालिन : असं नाही, आधी खराबी सांगायची. माझ्या पेजवर डाग, भोक, उसवलेलं, काही लपवायचं नाही.

पेपेत : खराबी? एका पानावर सोया सॉस सांडलाय. खुरांच्या आजाराचं पान आहे. पण उन्हात धरलं की वाचता येतं.

जोनालिन : 'माझं', 'माझं', 'माझं'! रोझेल पहिली! नेनिता म्हणतेय तिनेच आधी लिहिलं होतं, पण तिचं नेट मेलं होतं.

पेपेत : भांडू नका गं. आधी रोझेल वाचेल, मग नेनिता. डुकरं काय तोवर पळून जातायत?

जोनालिन : जमलं की तुम्हाला! पुढचं घ्या, हात थांबवू नका.

पेपेत : ही खुनाची गोष्ट. हिची खराबी मात्र मोठी आहे. शेवटची पानं उंदरांनी खाल्ली. खून कोणी केला ते कळत नाही.

जोनालिन : मग ठेवा बाजूला.

पेपेत : मला ठाऊक आहे ना. उंदरांच्या आधी मी वाचलं होतं.

जोनालिन : कोणी केला?

पेपेत : असं चारचौघांत सांगू होय? ज्याला हवं त्याने पुस्तक न्यावं, आहे तिथपर्यंत वाचावं आणि इथे यावं. शेवट मी सांगेन. एकेकाला, कानात.

जोनालिन : मनांग... अहो, इकडे बघा तरी! वाचायच्या आत नावं वर सरकतायत. मासळीबाजारातून लिहितायत, शाळेतून लिहितायत! ट्रायसिकल रिक्षावाले नोंग एर्निंग म्हणतायत, 'थांबा, मी ट्रायसिकल वळवली.'

पेपेत : ट्रायसिकल चालवताना फोन बघतात? आणि मागे बसलेल्या प्रवाशांचं काय?

जोनालिन : तेही येतायत म्हणे.

(थोड्या वेळाने. दारात चपलांचा ढीग, रस्त्यावर ट्रायसिकली आडव्यातिडव्या. नगरपालिकेचे सर रोदेल मोजपट्टी डोक्यावर धरून गर्दीतून आत शिरायचा प्रयत्न करतायत आणि कुणी त्यांना रांग मोडू देत नाही.)

पेपेत : एकेक जण या! नोंग एर्निंग, पाकीट आत ठेवा. एक पेसोसुद्धा नको. हो, परत आणायचं. 'मी जिंकलं' म्हणजे काय? जिंकलंत तरी परत आणायचं!

जोनालिन : मनांग, खुनाचं पुस्तक एक आणि शेवट ऐकायला ही एवढी माणसं. एकानेही वाचलेलं नाही.

पेपेत : न वाचता शेवट मिळणार नाही! सगळ्यांनी त्या कोपऱ्यात बसा आणि एकीने मोठ्याने वाचा. हो, मोठ्याने! आज चालेल.

रोदेल : बाजूला व्हा... अहो, मी वाचक नाही, अधिकारी आहे! मॅडम पेपेत, हा काय प्रकार आहे?

पेपेत : वाचक आहेत, सर.

रोदेल : आपल्याकडे?

जोनालिन : सर, जरा डावीकडे सरका. उजेड अडवताय.

रोदेल : ह्या कोण?

जोनालिन : मी जोनालिन, सर. तुमच्या मिसेस माझं जुनं गिऱ्हाईक. हा तुमचा शर्टही माझ्याकडचाच.

रोदेल : हा शर्ट मनिलाहून मागवलेला आहे.

जोनालिन : असं सांगितलं का त्यांनी? बरं, बरं. मनिलाहूनच असेल. अय्या! 'पट्टीवाल्या साहेबांचा शर्ट माझा,' लिहिलं कोणीतरी. आणि त्याखाली तुमच्या मिसेस, 'शर्ट माझा आणि आतला माणूसही माझाच. जोनालिन, तू तोंड सांभाळ.'

रोदेल : हे सगळीकडे दिसतंय? बंद करा ते!

जोनालिन : मध्येच बंद केलं तर गिऱ्हाईक तुटतं, सर.

रोदेल : असो. मॅडम, गर्दीबद्दल अभिनंदन. तथापि ठराव झालेला आहे आणि मला मापं घेणं भाग आहे. शिवाय... ही कपाटं रिकामी कशी?

पेपेत : गेली, सर! वरची अख्खी फळी गेली! मी नोकरीला लागल्यापासून तिची मागची भिंत आज पहिल्यांदा पाहिली. हिरवी आहे ती!

रोदेल : मग उत्तमच झालं. खोकी भरायचे आमचे कष्ट वाचले. सोमवारी ढोल आणून टाकू.

जोनालिन : अगं बाई... मनांग, आपणच खोली रिकामी करून दिली त्यांना! सगळी माझी चूक. नाचत होते मी मघापासून.

पेपेत : थांब जरा. रडू नकोस, काजळ ओघळेल. सर, पुस्तकं मी वाटून टाकली नाहीत. उसनी दिलीत.

रोदेल : बरं, मग?

पेपेत : उसनं दिलेलं परत येतं. प्रत्येकाला मी याच खोलीत आणून द्यायला सांगितलंय. कोणी पुढच्या आठवड्यात येईल, कोणी महिन्याने. रोझेलची डुकरीण विणार आहे, तोवर तिला ते पुस्तक लागेलच. ती आली आणि इथे मगर बसलेली असली, तर ती पुस्तक कुठे ठेवणार? मगरीच्या तोंडात?

रोदेल : जन्मनोंदणीच्या खिडकीवर देईल.

पेपेत : आणि खुनाचा शेवट? तोही मी खिडकीतून सांगू? समोर बाळ घेऊन आलेली माणसं उभी असताना?

जोनालिन : सर, माझ्या पेजवरचा एक नियम आहे. शब्द दिला आणि पाळला नाही, की दुसऱ्या दिवशी मी लाईव्हवर नाव घेते. आज मनांगनी शब्द दिलाय, नगरपालिकेच्या खोलीत बसून, सगळ्या गावासमोर. सोमवारी इथे ढोल निघाले, तर मी नाव कुणाचं घेऊ?

रोदेल : ही धमकी समजायची का मी?

जोनालिन : छे हो! धंद्याची रीत आहे. मिसेसना विचारा. त्यांनी आत्ताच लिहिलंय, 'रोदेल, मलाही त्या खुनाचा शेवट ऐकायचाय.'

रोदेल : हं. नियमात बसवून सांगायचं झालं तर... 'दिलेली सर्व पुस्तके परत येईपर्यंत खोलीचा ताबा घेण्यात येऊ नये.' असं लिहिता येईल. तात्पुरतं. फक्त तात्पुरतं हं, मॅडम!

पेपेत : हो, सर. तात्पुरतंच.

रोदेल : आणि टाळ्या वाजवू नका हो, हे सरकारी काम आहे! मॅडम, साधारण कधीपर्यंत येतील सगळी? म्हणजे ढोलांचं तसं ठरवायला.

पेपेत : चांगल्या वाचनालयात सगळी पुस्तकं एकाच वेळी कधी घरी नसतात, सर.