बॅनरचा आडोसा

माझ्या बायकोला, शैलाला, कुणी भित्री म्हटलं की मी हे सांगतो. ऐंशीच्या दशकात कल्याणला खाडीचं पाणी वस्तीत शिरलेलं, लोकांना शाळेत आणलेलं. आम्ही मदतीला गेलेले, खिचडी वाढण्यात खूश. शैलाच्या लक्षात आलं, बायका पाणीच पीत नाहीत. एक कोळीण म्हणाली, "प्यायलं तर जावं लागंल, ताई. आडोसा कुठंय?"

शैलाने पुढाऱ्याच्या स्वागताचा कापडी बॅनर उतरवून बायकांसाठी खणलेल्या उघड्या संडासाभोवती बांधला.

संध्याकाळी पुढारी आले. "आमचा बॅनर कुठाय?"

आम्ही पुन्हा खिचडी वाढायला लागलो. शैलाने बोट दाखवलं. "बायकांना आडोसा नव्हता, साहेब. सोडायचा असेल तर त्यांना तुम्हीच सांगा."

साहेबांनी तिथल्या बायकांच्या रांगेकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाले. मग हळूच, "आमचं नाव आतल्या बाजूला आहे का?"

"बाहेर आहे, साहेब. एवढं कळतं मला."